जुना गेमिंग पीसी, आधी काय बदलायचं? – प्रकल्प नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आधी मशीनची कुंडली. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८-८ जीबी डीडीआर४ रॅमच्या दोन पट्ट्या, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, २५० जीबीची साटा एसएसडी, १ टीबीची हार्ड डिस्क, ४५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), आणि १०८०पी, ६० हर्ट्झचा मॉनिटर. सगळं २०१७ चं. वर विंडोज १०.

मशीन दोघांचं आहे, माझं आणि धाकट्या भावाचं, त्यामुळे तक्रारीही दोन. तो शूटर खेळतो आणि ऐन मोक्याला चित्र अडखळतं म्हणून वैतागतो. मी ओपन वर्ल्ड खेळतो. सेटिंग मीडियमवर आणली तरी सेकंदाला ४० फ्रेम मिळत नाहीत. काही नवे गेम तर सुरूच होणार नाहीत, कारण ‘डूम: द डार्क एजेस’सारख्या गेमना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करणारी कार्डातली सोय) लागतंच आणि १०६० मध्ये ते नाही.

धाकट्याने निकाल आधीच देऊन ठेवलाय: ‘दादा, कार्ड बदल, बाकी सगळं ठणठणीत आहे.’ मला शंका आहे, पण शंकेला आकड्यांचा आधार नाही. म्हणून या नोंदी. एका वेळी एकच बदल करायचा, आणि आधी-नंतर मोजायचं.

सगळंच नवं घ्यायचा विचार पहिल्या दहा मिनिटांत बाद. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर जायचं म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम एकदमच घ्यावी लागते, आणि सध्या रॅमच्या किमती नुसत्या चढतायत.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवस मोजणीत गेला. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही मोजणीची सॉफ्टवेअर लावून आकडे पडद्यावर घेतले, नोंद कॅपफ्रेमएक्समध्ये.

सरासरी फ्रेमरेटवर फार विसंबायचं नाही. ६० फ्रेम म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. त्यातली एखादीच फ्रेम ५० मिलिसेकंद अडकली, तर त्या सेकंदाची सरासरी ६० वरून ५८ होते. कागदावर काहीच घडलेलं नसतं, डोळ्याला मात्र झटका जाणवतो. म्हणून सरासरीबरोबर सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा आकडाही घेतोय. पुढे त्याला नुसतं ‘तळ’ म्हणेन.

धाकट्याचा शूटर: सरासरी ११२, तळ ४७. ग्राफिक्स कार्ड जेमतेम ६० टक्के वापरात. रिझोल्युशन ७२०पी केलं तर सरासरी ११४. कार्डावरचं ओझं निम्म्याहून कमी झालं आणि आकडा हललाच नाही, म्हणजे कार्ड वाट बघत बसलंय. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४५ टक्के दिसतो, म्हणून धाकटा म्हणतो की तोही मोकळाच आहे. पण १६०० मध्ये १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, आहेत. त्यातला एक पूर्ण घामाघूम झाला तरी एकूण आकड्यात तो ८ टक्क्यांचाच दिसतो. एकेका थ्रेडचा आलेख उघडला तेव्हा एक थ्रेड सतत शंभराला टेकलेला होता.

माझा ओपन वर्ल्ड: सरासरी ३८, तळ ३१, कार्ड ९८-९९ टक्के. ७२०पी वर सरासरी ६१, तळ ३६, आणि कार्ड ८० टक्क्यांवर उतरलं. ही शेवटची ओळ अधोरेखित करून ठेवतो. कार्डाला श्वास घ्यायला जागा मिळाली तरी गाडी ६१ ला थांबली. या गेममध्ये प्रोसेसरची छत तिथे आहे.

तर धाकट्याचं म्हणणं माझ्या गेमपुरतं बरोबर आहे, त्याच्या स्वतःच्या गेमपुरतं साफ चूक. हे त्याला सांगितलं. आवडलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

साफसफाई. कूलरच्या पंखांमध्ये धुळीची गादीच बसली होती. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवला. मोकळा सोडला की नको तितका जोरात फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. कार्ड उघडून थर्मल पेस्ट बदलली, जुनी खडूसारखी सुकली होती. कार्डाचं तापमान ८४ वरून ७१ अंश. पास्कल पिढीतली कार्डं (१०६० त्यातलंच) ८३ च्या आसपास पोचली की स्वतःच क्लॉक उतरवतात, त्यामुळे माझ्या गेममध्ये दोन फ्रेम वाढल्या. आवाज मात्र निम्मा झाला.

८ नोव्हेंबर, शनिवार

रॅम. पट्ट्यांवर ३२०० छापलंय, चालते २१३३ वर. २०१७ च्या बायोसमध्ये (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) पहिल्या पिढीचे रायझन रॅमच्या बाबतीत भलतेच नखरेल होते. छापील वेगाला मशीन सुरूच होत नसे, म्हणून ती तशीच चालू दिली होती. मधल्या काळात बायोस एकदा बदललाय, तेव्हा पुन्हा हात घातला.

एक्सएमपी (रॅमला छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं. ३२०० ला नकार, बोर्ड आपणहून मूळ सेटिंगवर परतला. २९३३ ला मुकाट उभा राहिला. रात्रभर मेमटेस्ट लावलं, एकही चूक नाही. (सीपीयू-झेड उघडून ‘१४६६ च दाखवतंय’ म्हणून दचकायचं कारण नाही. तो खरा क्लॉक आहे, डीडीआर प्रत्येक क्लॉकला दोनदा माहिती पाठवते.)

रायझनमध्ये रॅमच्या वेगाचं महत्त्व इतरांपेक्षा जास्त, कारण कोअरचे गट ज्या इन्फिनिटी फॅब्रिकवरून एकमेकांशी बोलतात तिचा क्लॉक रॅमच्या क्लॉकला बांधलेला असतो. रॅम संथ म्हणजे प्रोसेसरचे आतले रस्तेही संथ. शूटरचा तळ ४७ वरून ५६. खर्च शून्य. पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत हेही बघून घेतलं. शेजारशेजारच्या खाचांत असत्या तर एकच चॅनेल चालला असता आणि पुढची सगळी मोजणी पाण्यात गेली असती.

९ नोव्हेंबर, रविवार

हार्ड डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फोने पिवळा रंग दाखवला: सी५, म्हणजे वाचता न येणारे आणि फैसला बाकी असलेले सेक्टर. हा प्रश्न वेगाचा राहिलाच नाही. आधी काय बदलायचं हा वाद बाजूला ठेवून बॅकअप घेतला आणि १ टीबीची नवी एसएसडी मागवली.

साटा (केबलने जोडायची) की एनव्हीएमई (थेट बोर्डावरच्या एम.२ खाचेत बसणारी)? हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास वाचते, साटा एसएसडी साडेपाचशे, पीसीआय एक्स्प्रेस ३.० वरची एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत. गेम उघडायला लागणारा वेळ या प्रमाणात कमी होत नाही. खरी उडी हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येताना मिळते. साटावरून एनव्हीएमईवर गेलं तर गेममध्ये दोनचार सेकंदांचा फरक. तरी एनव्हीएमईच घेतली, कारण एम.२ ची खाच रिकामी आहे, केबलची कटकट नाही आणि पुढच्या मशीनलाही ती सरळ लागेल. काही बोर्डांत एम.२ वापरली की एकदोन साटा पोर्ट बंद पडतात. आपल्या बोर्डाचं मॅन्युअल काढून बघितलं, पडत नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एसएसडी लावली, स्टीममधूनच गेम हलवले. माझ्या गेममध्ये गाडी सुसाट नेली की रस्ते-इमारती उशिरा उमटायच्या आणि तेवढ्यात झटका बसायचा, ते बंद. सरासरी जिथल्या तिथे. ‘सायबरपंक २०७७’ने २०२३ च्या २.० अपडेटपासून किमान गरजांतच एसएसडी लिहिली, ते उगाच नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एसएमपीएस. याला कोणी यादीत वर ठेवत नाही, कारण बदलून एक फ्रेमही वाढत नाही.

हिशेब केला. ६५ वॅटचा प्रोसेसर जोरात असताना ८८ वॅटपर्यंत घेतो. मनात असलेल्या वर्गातलं कार्ड १७० वॅट. बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क धरून एकूण सव्वातीनशेच्या आत. कागदावर ४५० पुरतात. पण हा ४५० आठ वर्षांचा आहे, त्याची वॉरंटी कधीच संपली, आणि आतले कपॅसिटर उन्हाळे मोजतातच. शिवाय नवी कार्डं क्षणभरासाठी छापील वॅटच्या बरीच वर उसळी मारतात. लोडवर १२ व्होल्टची रेल ११.६ दिसली. मर्यादा ५ टक्के, म्हणजे ११.४ पर्यंत चालतं, आणि बोर्डाच्या सेन्सरवर तसाही पूर्ण भरवसा नसतो. त्यामुळे या आकड्यावरून तो खराब ठरत नाही. मला त्याचं वय पुरेसं आहे. हा एकच भाग असा आहे की जाताना इतरांना सोबत घेऊन जातो.

६५० वॅटचा घेतला. डब्यावरच्या ‘८० प्लस’ बिल्ल्याकडे फार बघितलं नाही. तो भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कामाला लागते तेवढंच सांगतो, आतलं काम कसं आहे ते नाही. वॉरंटीची वर्षं जास्त बोलकी. जोडताना जुन्या केबली सगळ्या काढल्या, एकही तशीच ठेवली नाही. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबली पार्टच्या बाजूला सारख्या असल्या तरी एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत वेगळी. ‘बसतेय ना, मग चालेल’ म्हणून कित्येकांच्या डिस्क जळल्या आहेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

आता मुख्य भांडण: प्रोसेसर की कार्ड?

धाकट्याचा मुद्दा: कार्ड पुढच्या मशीनला नेता येईल, आपल्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटचा प्रोसेसर नाही येणार. मग आधी कार्डच घ्यावं. मुद्दा बिनतोड आहे, आणि नुसतं माझंच मशीन असतं तर कदाचित मी मान्यही केला असता.

माझ्या बाजूला तीन गोष्टी. पहिली, ती अधोरेखित ओळ. आज कितीही तगडं कार्ड घातलं तरी माझा गेम १६०० वर साठीच्या आसपास अडकेल आणि तळ तिशीतच राहील. दुसरी, धाकट्याच्या तक्रारीला कार्ड हातच लावत नाही. तिसरी विंडोज. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ च्या मान्य यादीत रायझन २००० पासून पुढचेच येतात, १६०० बाहेर. कार्डाचाही घड्याळाशी संबंध आहेच. एनव्हिडियाने पास्कलसाठी गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवले, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. पण त्यात अजून सवड आहे.

आणि एएम४ ची कृपा अशी की २०१७ च्या ३०० मालिकेच्या बोर्डांवरही एएमडीने २०२२ मध्ये रायझन ५००० ला वाट करून दिली. बोर्ड नको, रॅम नको, फक्त प्रोसेसर.

कुठला? ५५०० मोह पाडतो, पण त्याचा एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६०० चा ३२. गेमना कॅश प्यारी, म्हणून ५५०० बाद. ५८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी आहे, गेमसाठी या सॉकेटचा राजाच, पण तो १०५ वॅटचा. आपल्या बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर) धड हीटसिंकही नाही. त्याला एवढं ओझं देणार नाही. ५७००एक्स ६५ वॅटचाच, आठ कोअरचा, पण गेममध्ये ५६०० च्या फार पुढे जात नाही. ५६०० ठरला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बायोस. नवा प्रोसेसर खोक्यातच ठेवून जुन्यावरच करायचं काम हे. आधी प्रोसेसर बदलला तर जुना बायोस त्याला ओळखत नाही आणि पडदा काळाच राहतो.

बोर्डाच्या पानावर लिहिलंय की आधी मधली एक आवृत्ती टाका, मगच शेवटची. ते घाईत नजरेतून सुटण्यासारखंच आहे, अगदी बारीक अक्षरात. पेनड्राइव्ह एफएटी३२ करून दोन्ही पायऱ्या क्रमाने केल्या. जुन्या एफटीपीएममुळे (सुरक्षेच्या चाव्या जपणाऱ्या सोयीमुळे) रायझन मशीन अधूनमधून अडखळायची, तो दोष काढणारं एजेसा १.२.०.७ (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) ही यात आलं.

आणखी दोन कामं आजच उरकली. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) बंद आहे ना ते पाहिलं, कारण प्रोसेसर बदलला की एफटीपीएममधल्या चाव्या जातात आणि एन्क्रिप्ट केलेली डिस्क रिकव्हरी की मागत बसते. दुसरं, विंडोज डिस्क विभागणीच्या जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेलं होतं. विंडोजसोबत येणाऱ्या एमबीआर२जीपीटी या साधनाने आधी तपासणी, मग बदल, मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद. विंडोज ११ ला हे लागेल आणि पुढे कार्डाच्या रिसाइझेबल बारलाही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय).

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रोसेसर बदलला.

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या बुडाला असतात, १३३१ पिना, आणि सॉकेटची पकड फार घट्ट नसते. आठ वर्षांच्या पेस्टने कूलर आणि प्रोसेसर एकमेकांना चिकटलेले. कूलर सरळ वर ओढला तर लीव्हर बंद असतानाही प्रोसेसर उपटून येतो, आणि पिना वाकल्या की संपलं. म्हणून आधी अर्धा तास गेम चालवून पेस्ट गरम केली, मशीन बंद करून वायर काढली, चारही स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे सैल केले, आणि कूलर उचलायच्या ऐवजी डावी-उजवीकडे हलके पिळत राहिलो. काही वेळाने तो लोण्यासारखा सरकला. तेव्हाच उचलला. प्रोसेसर जागेवर होता. धाकटा तोवर बोर्डामागची पट्टी हाताने धरून उभा, कारण स्क्रू निघाले की ती मागे घरंगळते.

सोन्याचा त्रिकोण त्रिकोणाला जुळवून ५६०० सोडला. जोर लावायचा नाही, तो स्वतःच्या वजनाने बसतो. लीव्हर खाली, वाटाण्याएवढी पेस्ट, जुनाच कूलर वर.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा बराच वेळ काळा. रॅमची जुळवाजुळव चालू असते, घाबरून बटण दाबायचं नाही. मग इंग्रजीत निरोप आला: नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम रिसेट करू का? वाय दाबलं. ३२०० ची रॅम या वेळी निमूटपणे ३२०० ला चालली.

शूटर: सरासरी १६८, तळ ९७. धाकट्याने एक सामना खेळला, हेडफोन उतरवला आणि म्हणाला, ‘हं.’ त्याच्याकडून एवढं पुष्कळ आहे.

माझा ओपन वर्ल्ड: ४१. साफसफाईनंतर ४० होता. म्हणजे ठरल्याप्रमाणेच.

शूटरमधल्या उडीचं कारण १६०० च्या पोटात आहे. त्यात तीन-तीन कोअरचे दोन गट, प्रत्येक गटाची ८ एमबी कॅश वेगळी. एका गटातलं काम दुसऱ्याला हवं असेल तर फॅब्रिकवरून फेरा. ५६०० च्या झेन ३ रचनेत सगळे कोअर एकाच गटात आणि ३२ एमबी सगळ्यांची सामाईक. सरासरीपेक्षा तळ जास्त सुधारला तो यामुळे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

विंडोज ११ टाकलं, कोरं. नोंद करण्यासारखं काही घडलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

कार्डाच्या आधी एक नवाच दावेदार उभा राहिला: मॉनिटर. शूटर १६८ फ्रेम देतोय आणि पडदा त्यातल्या ६० च दाखवतोय. धाकट्याच्या दृष्टीने आता मशीनमधला सगळ्यात संथ भाग टेबलावर ठेवलाय. त्यामुळे कार्डासाठी महिनाभर भांडणारा तो एका रात्रीत पक्ष बदलून मॉनिटरवाला झाला. माझ्या ४१ फ्रेमना मात्र १४४ हर्ट्झचा काय उपयोग? कार्ड आधी. मॉनिटर हवाच असेल तर तो त्याने स्वतःच्या खिशातून घ्यावा, असा तह झाला.

कार्ड निवडताना बोर्डाचं वय ध्यानात घ्यावं लागतं. बी३५० म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस ३.०. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० दोन्ही फक्त आठ लेनची (लेन म्हणजे बोर्डाशी माहिती ने-आण करायच्या वाटा) आणि ८ जीबीची. ४.० वर आठ लेन पुरतात, ३.० वर त्यांची रुंदी निम्मी. कार्डाची मेमरी पुरते तोवर फरक थोडाच. ती भरली आणि माल सिस्टिम रॅममधून आणावा लागला की त्या अरुंद वाटेवर कोंडी होते. ६५०० एक्सटी तर चारच लेनचं, ते जुन्या बोर्डावर घेऊच नये. इंटेलचं बी५८० १२ जीबी देतं, पण रिसाइझेबल बारशिवाय लंगडतं आणि मधल्या दर्जाच्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर जास्तच काम लावतो.

म्हणून वयाने मोठं असूनही आरटीएक्स ३०६०: सोळा लेन, १२ जीबी, १७० वॅट. याच नावाने ८ जीबीचंही एक येतं, त्याचा मेमरी बस १९२ ऐवजी १२८ बिटचा. डब्यावरचा आकडा वाचूनच घ्यायचं.

६ डिसेंबर, शनिवार

कार्ड बसलं. हार्ड डिस्कचा पिंजरा काढल्यामुळे कॅबिनेटमध्ये लांबीला ऐसपैस जागा झालीय. आधी सेफ मोडमध्ये डीडीयू या साधनाने जुने ड्रायव्हर पुसले, मग नवे. बायोसमध्ये अबव्ह ४जी डिकोडिंग आणि रिसाइझेबल बार चालू.

ओपन वर्ल्ड, त्याच मीडियम सेटिंगवर: ७९, तळ ६२. हायवर ६६, तळ ५४, कार्ड ९७ टक्के. १६०० च्या साठीच्या छतीखाली हे कार्ड घुसमटलं असतं. शूटर १६८ वरून १८१, आणि कार्ड पंचावन्न टक्क्यांवर आरामात.

धाकटा कालपासून मॉनिटरचे व्हिडिओ बघतोय. १४४ हर्ट्झ, १०८०पी च घे असं सांगितलंय. १४४० पी मध्ये पिक्सेल पावणेदोन पटीहून जास्त होतात, आणि ती भरपाई पुन्हा कार्डालाच करावी लागेल.

जुना १६०० आणि १०६० डब्यात भरून ठेवलेत, कुणाच्या तरी पहिल्या पीसीला लागतील. ४५० चा एसएमपीएस मात्र कुणालाही द्यायचा नाही, भंगारात.